फोन खिशातून केव्हा काढायचा?

गोंदिया जिल्ह्याच्या तिरोडा तालुक्यातले चोरखमारा हे गाव नागझिऱ्याला वाघ बघायला जाणाऱ्यांच्या ओळखीचे आहे, कारण अभयारण्यात शिरण्याचे एक प्रवेशद्वार इथे आहे. गावाजवळ मोठा तलाव, भोवती धानाच्या बांध्या, पलीकडे जंगल. प्राथमिक शाळेच्या परिसर अभ्यासात पाणी, पीक, प्राणी, नकाशा, गावाचा इतिहास असे जे जे येते, ते सगळे इथे चालत जाण्याच्या अंतरावर आहे. अशा गावातल्या शिक्षकाला ‘अध्यापनात डिजिटल साधनांचा वापर करावा’ असे परिपत्रक आले, तर त्याने आधी एक साधा प्रश्न विचारावा. जे शाळेच्या फाटकाबाहेर आहे ते पडद्यावर का दाखवायचे?

या प्रश्नाचे उत्तर ‘दाखवू नये’ असेच आहे. धानाची लोंबी हातात घेता येत असताना तिचे चित्र मोठ्या पडद्यावर लावणे म्हणजे वेळ आणि वीज दोन्ही वाया घालवणे. पण काही गोष्टी फाटकाबाहेर असूनही दिसत नाहीत. काही फार मोठ्या असतात, काही फार लहान, काही फार हळू घडतात, काही डोळ्याला पकडता येणार नाहीत इतक्या वेगाने. आणि एक गोष्ट तर वर्गातच असून दिसत नाही: प्रत्येक मुलाच्या डोक्यात नेमके काय चालले आहे. फोनची खरी गरज पडते ती इथे.

बालचित्रवाणीपासून परितेवाडीपर्यंत

मराठी शाळेत पडदा येऊन चाळीस वर्षे झाली. १९८४ साली पुण्यात ‘बालचित्रवाणी’ ही राज्याची शैक्षणिक तंत्रविज्ञान संस्था उभी राहिली आणि दूरदर्शनवर मुलांसाठी मराठी शैक्षणिक कार्यक्रम दिसू लागले. आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या अनेकांना ते आठवतात. पण त्या माध्यमाला एक अंगभूत मर्यादा होती. प्रक्षेपणाची वेळ ठरलेली. त्या वेळी वर्गात भागाकार चालू असो की वीज गेलेली असो, कार्यक्रम सुरू व्हायचा आणि संपायचा. एखाद्या मुलीला मध्येच काही विचारायचे असले तर तो तिच्यासाठी थांबत नसे. २०१७ मध्ये ही संस्था बंद झाली.

दुसऱ्या टोकाचा प्रयोग रायगड जिल्ह्यात झाला. २००७ साली कर्जतजवळच्या खैराट इथल्या छोट्या एकशिक्षकी शाळेत प्रत्येक मुलाच्या हाती हिरवा-पांढरा छोटा लॅपटॉप आला. अमेरिकेतल्या एमआयटीचे निकोलस निग्रोपॉन्टे यांच्या ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या मोहिमेचा तो भारतातला सुरुवातीचा प्रयोग. यंत्र मुलाच्या हाती दिले की शिकणे आपोआप घडेल, असा त्या मोहिमेमागचा विश्वास होता. या विश्वासाची मोठी परीक्षा पेरू देशात झाली. तिथे सुमारे नऊ लाख लॅपटॉप वाटले गेले. २०१२ मध्ये तिथल्या ग्रामीण शाळांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, तेव्हा लॅपटॉप मिळालेल्या आणि न मिळालेल्या मुलांच्या भाषा-गणितात फरक आढळला नाही. यंत्र दप्तरात पोहोचले होते, पण तासात काय बदलायचे हे कोणी ठरवलेले नव्हते.

ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यातल्या पष्टेपाड्याची वाट उलटी होती. तिथल्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक संदीप गुंड यांनी लोकसहभागातून टॅब, स्पर्शाने चालणारा फळा आणि सौरऊर्जा यांची जुळणी केली. वरून आलेली योजना राबवण्याऐवजी वर्गातल्या अडचणीपासून सुरुवात केलेली होती, म्हणून राज्यभरातले शिक्षक ती शाळा पाहायला जाऊ लागले. २०१५ च्या जूनमध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम आला आणि गावोगाव वर्गणी काढून शाळा ‘डिजिटल’ होऊ लागल्या. त्यांतल्या काही खरोखर बदलल्या. काहींच्या भिंतीवर फक्त पाटी लागली.

सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांनी आणखी वेगळा धागा पकडला. त्यांनी पाठ्यपुस्तकाच्या पानावर क्यूआर कोड लावले. फोन त्यावर धरला की कविता ऐकू येई, प्रयोग दिसे, पाठाशी जोडलेला स्वाध्याय उघडे. क्यूआर कोड मुळात १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीने मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी काढला होता. डिसले यांची कल्पकता अशी, की नवे यंत्र वाटण्याऐवजी त्यांनी प्रत्येक दप्तरात आधीच असलेली वस्तू, म्हणजे पुस्तक, कामाला लावली. पुढे राज्याने सगळ्या इयत्तांच्या पाठ्यपुस्तकांत कोड छापायचे ठरवले आणि २०१७ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या ‘दीक्षा’ मंचाशी ते जोडले गेले. २०२० मध्ये डिसले यांना दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. त्यांनी त्यातली अर्धी रक्कम अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांत वाटून टाकली.

त्याच वर्षी करोनामुळे शाळांना कुलपे लागली आणि सगळ्या साधनांची एकदम परीक्षा झाली. सह्याद्री वाहिनीवर जुलैपासून ‘टिलीमिली’ ही शैक्षणिक मालिका सुरू झाली. जव्हार परिसरातल्या पाड्यांवर रेंज नव्हती, तिथे कार्यकर्ते ध्वनिक्षेपक घेऊन फिरले आणि त्याला ‘बोलकी शाळा’ म्हणू लागले. सोलापुरात नीलमनगर भागातल्या घरांच्या भिंतींवर पाठ रंगवले गेले. यातले भिंतीचे साधन तर मुळीच डिजिटल नव्हते. तरी मूल येता-जाता तिच्यापुढे थांबू शकत होते, आणि थांबता येणे ही शिकण्यातली मोठी गोष्ट आहे.

थांबवण्याचे बटण

फोनवरच्या चित्रफितीला एक सोय आहे जी १९८४ च्या टीव्हीला नव्हती: ती थांबवता येते. वर्गात हे बटण जितके कमी वापरले जाते तितका तास फुकट जातो, असे म्हणायला हरकत नाही.

रिचर्ड व्हाइट आणि रिचर्ड गनस्टोन या अभ्यासकांनी १९९२ मधल्या पुस्तकात एक पद्धत मांडली, ती इथे नेमकी लागू पडते. आधी मुलांनी अंदाज सांगायचा आणि कारणही सांगायचे. मग पाहायचे. मग अंदाज आणि पाहिलेले यांत फरक का पडला ते बोलायचे. समजा, दोन फुगे तराजूला टांगले आहेत आणि त्यातला एक फोडायचा आहे. चित्रफीत सुई टोचण्याच्या क्षणी थांबवा. पाटीवर लिहा: तराजू कुठे झुकेल? हवेला वजन असते हे वाक्य पुस्तकात सगळ्यांनी वाचलेले असते, पण हात वर करायची वेळ आली की निम्मा वर्ग ‘काही होणार नाही’ म्हणतो. तीन मिनिटांची फीत अशी तीन ठिकाणी थांबवली तर ती तासभर पुरते. न थांबता दाखवली तर मुलांच्या लक्षात फक्त फुगा फुटल्याचा आवाज राहतो.

चित्रफीत निवडताना कॅलिफोर्नियातले मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांचे निष्कर्ष हाताशी असावेत. चित्र आणि बोलणे एकत्र आले तर नुसत्या शब्दांपेक्षा चांगले समजते. पण जे कानावर पडते तेच पडद्यावर अक्षरशः लिहून आले, तर चित्राकडे बघायचे की वाचायचे या ओढाताणीत समजणे कमी होते. मागे वाजणारे संगीत, कोपऱ्यात नाचणारे कार्टून, विषयाशी संबंध नसलेला विनोद हे सगळे शिकण्याच्या आड येते. मुलांसाठीचे पुष्कळसे व्हिडिओ नेमके याच सजावटीवर उभे असतात. त्यापेक्षा अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावरची काडेपेटी, स्ट्रॉ, सायकलची ट्यूब वापरून केलेली खेळणी बघा. फीत एक-दोन मिनिटांची असते आणि ती संपल्यावर हात आपोआप कामाला लागतात. पडदा बंद झाल्यावर मुले काय करतात, यावरून फीत चांगली की वाईट ते ठरवावे.

तलाव वरून पाहताना

आता चोरखमाऱ्याला परत येऊ. तलाव रोज दिसतो, पण काठावर उभ्या असलेल्या मुलाला तो अख्खा कधीच दिसत नाही. त्याचा आकार कसा आहे, कालवा कुठून निघतो, पाणी आटते तेव्हा कुठल्या बाजूने मागे सरते, हे समजायला वर जावे लागते. इस्रोचे ‘भुवन’ २००९ पासून उपलब्ध आहे, गूगल अर्थ आहे, युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रे फुकट पाहता येतात. सेंटिनेलची जोडी साधारण दर पाच दिवसांनी त्याच जागेवरून जाते.

या चित्रातला एक ठिपका जमिनीवर दहा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद असतो, म्हणजे १०० चौरस मीटर. असे शंभर ठिपके झाले की एक हेक्टर, आणि एक एकर म्हणजे सुमारे चाळीस ठिपके. वडिलांची दोन एकरांची बांधी उपग्रहाला ऐंशी ठिपक्यांएवढी दिसते, हे कळल्यावर क्षेत्रफळाचा धडा पुस्तकातून बाहेर येतो.

पुढचे काम कागदावरचे. तलावाचे चित्र एक सेंटीमीटरला शंभर मीटर या प्रमाणात छापून घ्यायचे. या प्रमाणात आलेखाच्या कागदावरचा एक चौरस सेंटीमीटर म्हणजे बरोबर एक हेक्टर होतो. मुलांनी काठ गिरवायचा, पूर्ण चौकोन मोजायचे, अर्ध्याहून मोठा तुकडा धरायचा, लहान सोडून द्यायचा. गटागटाची उत्तरे वेगळी येतील. ती का वेगळी आली, आणि कोणाचे खऱ्याच्या जवळ असेल, हे भांडण म्हणजेच गणिताचा तास. दोन तारखांची चित्रे घेतली, एक पावसाळ्यानंतर ऑक्टोबरमधले आणि एक मे महिन्यातले, की वजाबाकीतून उन्हाळ्यात उघडी पडणारी जमीन मिळते. जुलै-ऑगस्टचे चित्र का चालत नाही हेही मुलांनाच शोधू द्यावे. ढग दिसले की उत्तर मिळते.

इथून पुढे प्रश्न गावात जातात. पाणी कमी असले की बांधीला पाळी कोण ठरवतो? पूर्वी कोण ठरवायचे? मच्छीमारांचा हक्क कोणता? पूर्व विदर्भ हा तलावांचा मुलूख आहे. कोहळी समाजाने बांधलेले तलाव आणि पुढे ‘मामा तलाव’ म्हणून ओळखले जाऊ लागलेले माजी मालगुजारी तलाव यांच्यावर इथली धानशेती उभी राहिली. गूगलच्या कालचित्रांत १९८४ पासूनचे बदल दिसतात, पण त्या रेषा का सरकल्या हे सांगणारी माणसे गावातच आहेत. त्यांच्याकडे जायला मुलांना कारण मिळाले, एवढे उपग्रहाचे काम पुरे झाले.

या सगळ्याला वर्गात इंटरनेट लागत नाही. चित्रे आदल्या दिवशी, रेंज असेल तिथे, फोनमध्ये साठवायची आणि तालुक्याच्या ठिकाणी दोन कागद छापून आणायचे. ग्रामीण शाळेतल्या डिजिटल तासाचा पहिला नियम हाच असावा: वर्गात उघडायचे ते आधीच उतरवून ठेवलेले असले पाहिजे.

लहान, हळू आणि वेगवान

तलावाच्या पाण्याचा थेंब हे दुसरे जग. स्टॅनफर्ड विद्यापीठातले मनु प्रकाश आणि त्यांचे विद्यार्थी यांनी २०१४ मध्ये ‘फोल्डस्कोप’ हा कागद दुमडून करायचा सूक्ष्मदर्शक जगापुढे आणला. बनवण्याचा खर्च एका डॉलरहून कमी ठेवण्याचे त्यांचे लक्ष्य होते, आणि तो वस्तू सुमारे १४० पट मोठी दाखवतो. तो फोनच्या कॅमेऱ्याला चिकटवता येतो. साध्या सूक्ष्मदर्शकात एका वेळी एकच डोळा बघतो आणि ‘दिसले का?’ विचारल्यावर प्रत्येक मूल मान हलवते. फोनवर आले की सगळे एकच गोष्ट बघतात, बोट ठेवून ‘हे काय आहे?’ विचारता येते, आणि नंतर चित्र काढताना फोटो समोर ठेवता येतो.

हळू घडणाऱ्या गोष्टींसाठी तर फोनचा साधा कॅमेरा पुरतो. पऱ्हे टाकण्याच्या दिवसांत धानाचे दाणे दोन काचेच्या पेल्यांत ठेवावेत. एकात ओला कापूस, दुसऱ्यात दाणे पूर्ण बुडतील इतके खोल पाणी. रोज प्रार्थनेनंतर त्याच जागी फोन ठेवून दोन्हींचा एकेक फोटो घ्यायचा. आठवड्याने ते फोटो बोटाने भराभर सरकवले की वाढ डोळ्यांपुढे घडते. इथे एक विशेष गोष्ट दिसेल. ओल्या कापसावर मूळ आणि कोंब दोन्ही येतात. खोल पाण्यात प्राणवायू कमी पडतो, तेव्हा धानाचा कोंब आधी हवेच्या दिशेने लांबतो आणि मूळ मागे राहते. पाण्याखाली रुजण्याची ही क्षमता गहू-हरभऱ्याजवळ नाही. त्यांचेही दाणे तिसऱ्या-चौथ्या पेल्यात ठेवून बघावेत. भरल्या बांधीत धानच का लावतात, याचे उत्तर मुलांच्या हाती येते, आणि रोवणीला आईबरोबर गेलेल्या मुलीला या धड्यात सांगण्यासारखे सगळ्यांत जास्त असते.

वेगवान गोष्टींसाठी स्लो मोशन. अनेक फोन सेकंदाला १२० चौकटी टिपतात, म्हणजे एका चौकटीचा वेळ सेकंदाचा एकशेविसावा भाग. सव्वा मीटर उंचीवरून चेंडू सोडला की जमिनीवर यायला सुमारे अर्धा सेकंद लागतो, म्हणजे साठ चौकटी. आता शेजारी क्रिकेटचा जड चेंडू धरा आणि अंदाज विचारा: आधी कोण पडेल? सातवी-आठवीच्या मुलांनी चौकटी मोजून दिलेले उत्तर ते विसरत नाहीत, कारण ते कोणी सांगितलेले नसते, त्यांनी मोजलेले असते.

जिथे वस्तूच मिळत नाही तिथे आभासी प्रयोग चालतात. कोलोरॅडो विद्यापीठात नोबेल विजेते कार्ल वायमन यांनी २००२ मध्ये सुरू केलेल्या ‘फेट’ प्रकल्पाचे अनेक प्रयोग मराठीत आहेत आणि उतरवून घेतले की इंटरनेटशिवाय चालतात. विजेच्या मंडलात तारेतून काय वाहते ते खऱ्या तारेत दिसत नाही, तिथे दिसते. क्रम मात्र पाळावा: आधी खरा सेल, खरी तार, खरा दिवा, आणि तो पेटत नाही तेव्हाची धडपड. मग पडदा. भूमितीसाठी ‘जिओजेब्रा’ आहे. त्रिकोणाचा कोपरा बोटाने ओढत नेला आणि तिन्ही कोनांची बेरीज १८० वरून हलत नाही असे दिसले, की ‘हे नेहमीच का होते?’ हा प्रश्न मुलेच विचारतात. सिद्धता शिकवायची खरी वेळ ती.

आवाजाचे दोन तास

सारस हा उडणाऱ्या पक्ष्यांत जगातला सर्वांत उंच पक्षी. महाराष्ट्रात तो आता मुख्यत्वे गोंदिया आणि लगतच्या भागात उरला आहे. धानाच्या शेतात घरटे करणारा हा पक्षी जिल्ह्याची ओळख असला तरी वर्गातल्या प्रत्येक मुलाने तो पाहिलेला असेलच असे नाही. ‘झेनो-कॅन्टो’ या २००५ पासून चाललेल्या पक्षिध्वनींच्या संग्रहात सारसाची जोडी एकत्र घालते ती साद ऐकता येते. ती आधी नुसती ऐकवावी, चित्र न दाखवता. केवढा पक्षी असेल? मग भिंतीवर जमिनीपासून साडेपाच फुटांवर खडूची रेघ मारावी आणि प्रत्येकाने तिच्याशेजारी उभे राहावे.

कॉर्नेल विद्यापीठाच्या ‘मर्लिन’ या अ‍ॅपमध्ये आवाजाचे चित्र उमटते: आडवा काळ, उभी स्वराची उंची. कावळा, कोकीळ आणि शाळेची घंटा यांची चित्रे शेजारी ठेवली की ध्वनीच्या धड्यातली ‘वारंवारता’ ही संज्ञा डोळ्यांना दिसते. एक पथ्य मात्र सांगायलाच हवे. ध्वनिफीत वर्गात वाजवावी, जंगलाच्या काठावर नाही. प्रतिस्पर्धी आला असे समजून पक्षी घरटे सोडून धावतात, आणि विणीच्या दिवसांत ते महागात पडते.

दुसरा तास माणसांच्या आवाजाचा. या पट्ट्यात मुले घरी झाडीबोली, पोवारी, गोंडी, हिंदी अशा भाषा घेऊन वाढतात आणि पहिलीत एकदम पुस्तकी मराठीपुढे उभी राहतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवण्याची शिफारस केली, पण त्या भाषांतले साहित्य येणार कुठून? फोनचा रेकॉर्डर हे त्याचे सगळ्यांत स्वस्त उत्तर आहे. आजीने सांगितलेली गोष्ट, रोवणीची गाणी, मोहफुले वेचतानाचे शब्द मुलांनी ध्वनिमुद्रित करून आणायचे, ऐकत ऐकत लिहायचे, शेजारी प्रमाण मराठी लिहायची. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीविव्हर’वर २०१५ पासून मुक्त परवान्याची चित्रे आणि गोष्टी आहेत. त्यांचे आपल्या बोलीत भाषांतर करून वर्गाचे स्वतःचे पुस्तक तयार करता येते.

मूल मोठ्याने वाचते आणि फोन ऐकून चूक दाखवतो अशीही साधने आहेत. गूगलचे ‘रीड अलाँग’ मराठीत चालते. एका शिक्षकाला तीस मुलांचे वाचन रोज ऐकता येत नाही, तिथे त्याची मदत होते. पण झाडीबोलीत ‘पाणी’चे ‘पानी’ होते. असे वाचणाऱ्या मुलाला यंत्राने चूक ठरवले, तर ती वाचनातली चूक आहे की घरच्या उच्चाराची सवय, हे गुरुजींनाच ओळखावे लागते. यंत्राने नापास केलेल्या मुलाचे वाचन स्वतः एकदा ऐकायचे, हा नियम वर्गात हवा.

प्रत्येकाचे उत्तर

‘समजले का?’ या प्रश्नाला वर्ग एका सुरात ‘होऽऽ’ म्हणतो, आणि त्या होकारात न समजलेली मुले लपतात. त्यांना शोधायला ‘प्लिकर्स’सारखे साधन आहे. प्रत्येक मुलाकडे वेगळ्या नक्षीचे एक कागदी कार्ड असते. त्याच्या चार बाजू म्हणजे चार पर्याय, आणि आपले उत्तर वरच्या बाजूला येईल असे ते धरायचे. शिक्षकाने फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवला की कोणाचे काय उत्तर आहे ते दिसते. नक्षी वेगवेगळी असल्याने शेजाऱ्याचे बघून उत्तर देता येत नाही. वर्गात फोन एकच, तोही शिक्षकाचा.

खरे काम त्यानंतरचे. बावीस मुलांनी ‘०.१२ हे ०.९ पेक्षा मोठे’ असे उत्तर दिले, तर दशांश चिन्हानंतरची संख्या ती बारा आणि नऊ अशी वाचताहेत हे कळते, आणि उद्याचा तास तिथून सुरू करावा लागतो. उत्तरे गोळा करून पुढचा धडा ठरल्याप्रमाणे घेतला, तर कॅमेरा फिरवला काय आणि न फिरवला काय. हेच काम पाट्यांवर उत्तर लिहून ‘एक, दोन, तीन’ म्हणताच सगळ्या पाट्या वर धरूनही होते. नोंद ठेवायला फोन सोयीचा, पण पाहणारा डोळा शिक्षकाचाच.

मुलांच्या पातळ्यांतले अंतर किती असते, याचा अंदाज दिल्लीतल्या एका अभ्यासाने दिला. कार्तिक मुरलीधरन, अभिजीत सिंग आणि अलेहांद्रो गनिमियान यांचा हा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सहावीतली मुले गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे आढळली. शाळेनंतरच्या केंद्रात साडेचार महिने ‘माइंडस्पार्क’ या संगणकीय साधनावर त्यांनी सराव केला आणि गणित-हिंदीत स्पष्ट प्रगती झाली. पेरूच्या लॅपटॉपने जे झाले नाही ते इथे झाले, कारण हे साधन प्रत्येक मुलाला त्याच्या आजच्या पातळीचा प्रश्न देत होते. संगणक दोन्हीकडे होते. फरक प्रश्नाच्या निवडीत होता.

पडद्याची किंमत

२०२४ च्या ‘असर’ या शैक्षणिक पाहणीत ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वयाच्या ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. त्यांतल्या ५७ टक्क्यांनी आधीच्या आठवड्यात तो काही शैक्षणिक कामासाठी वापरला होता, तर ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी. म्हणजे मुलांना फोन शिकवण्याची गरज फारशी उरलेली नाही. फोनने काय करता येते याचे वेगळे उदाहरण त्यांना दाखवणे हे शाळेचे काम आहे. युनेस्कोच्या २०२३ च्या अहवालानेही तंत्रज्ञान कोणाच्या अटींवर येते आहे हाच प्रश्न विचारला होता.

शाळेच्या पातळीवर किंमत आणखी ठोस असते. विजेचे बिल कोण भरणार, दुरुस्ती कोण करणार, प्रोजेक्टरचा दिवा गेला तर पैसे कुठून येणार, याची तजवीज वर्गणी काढतानाच व्हायला हवी. मुलांचे फोटो गटावर टाकण्याची सवयही तपासावी. २०२३ च्या व्यक्तिगत डेटा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अट घातली आहे, आणि उपक्रमाचा पुरावा म्हणून काढलेला प्रत्येक फोटो तासातली काही मिनिटे खातोच.

कृत्रिम बुद्धिमत्तेची नवी साधने शिक्षकाच्या तयारीला उपयोगी आहेत: एकाच उताऱ्यावर तीन पातळ्यांचे प्रश्न काढणे, उदाहरणांत बदल करणे. पण मोठ्या शहराबद्दल बरोबर सांगणारे यंत्र आपल्या गावाबद्दल तितक्याच ठामपणे चुकीचेही सांगते. चोरखमाऱ्याच्या तलावाविषयी त्याला विचारावे आणि मिळालेले उत्तर सहावीच्या मुलांना गावात फिरून तपासायला द्यावे. माहिती पडताळणे शिकवण्याचा याहून स्वस्त धडा नाही.

सुरुवात करणाऱ्यासाठी

एका सत्रात एकच साधन घ्यावे आणि ते चारदा वापरावे, म्हणजे चौथ्या वेळी लक्ष साधनावरून विषयावर येते. तासाच्या टाचणात साधनाचे नाव लिहिण्याआधी तीन ओळी लिहाव्यात: फोनशिवाय काय दिसणार नव्हते, फीत कुठे थांबवायची, आणि मुलांच्या उत्तरावरून उद्या काय बदलायचे. तिन्ही ओळी लिहिता आल्या नाहीत तर त्या दिवशी फोन खिशातच राहू द्यावा. केंद्राच्या शिक्षण परिषदेत सादरीकरणाऐवजी या तीन ओळी आणि फसलेल्या तासाची हकिगत मांडली, तर शेजारच्या शाळेला जास्त उपयोग होईल.

आणि जे तयार होईल ते जपावे. तलावाच्या काठाच्या रेघा, धानाच्या कोंबांचे फोटो, आजीच्या गोष्टींच्या ध्वनिफिती तारखेसह एका ठिकाणी ठेवल्या, की पुढच्या वर्षीच्या पाचवीला त्यांच्याशी तुलना करता येते. पाच वर्षांनी त्या शाळेकडे आपल्या गावाची अशी नोंद असेल जी कुठल्याही संकेतस्थळावर सापडणार नाही. डिजिटल शाळा म्हणवून घ्यायला एवढे पुरेसे आहे.